कुणाला तरी उद्देशून

ध्यान, संगीतकार आणि इतिहासाचा विचार या तिन्हींवरची पुस्तकं माझ्या कपाटात एकाच फळीवर आहेत. तिघांचीही अडचण सारखीच. ध्यानाला स्वतः बसावं लागतं, संगीत कानांनीच ऐकावं लागतं आणि सरलेला काळ कुणालाच पाहता येत नाही. तरी कादंबरी बाजूला ठेवून माझा हात यांच्याकडेच जातो.

*

तिक न्यात हान्ह यांचं सजगतेवरचं पुस्तक मुळात एक लांबलचक पत्र. १९७४ साली ते फ्रान्समध्ये परागंदा होते. त्यांनी व्हिएतनाममध्ये घडवलेले तरुण कार्यकर्ते बॉम्बनी उद्ध्वस्त झालेली गावं उभी करायला झटत होते. पत्र त्यांच्यातल्याच एका सहकाऱ्याला. म्हणून त्यात भांडी घासण्याबद्दल आहे, संत्र्याची एकेक फोड खाण्याबद्दल आहे. उद्या पुन्हा त्याच धुमाळीत कामाला जायचं आहे, त्याला पुरेल एवढंच.

*

मार्कस ऑरेलियसने तर स्वतःलाच बजावलं. रोमचा सम्राट, पण टिपणं ग्रीकमध्ये. काही लढाईच्या छावणीत लिहिलेली. त्याच त्या गोष्टी पुन्हा येतात, कारण मन त्याच त्या गोष्टी पुन्हा विसरतं.

*

श्वाइत्झरचा बाखवरचा ग्रंथ एका प्रश्नातून निघाला. पॅरिसमधले त्याचे ऑर्गनचे गुरू विदोर यांना बाखच्या काही रचनांची वळणं उलगडत नव्हती. शिष्य म्हणाला, ज्या जर्मन स्तोत्रांवर त्या बांधल्या आहेत त्यांचे शब्द बघा. तेवढ्याने कोडं सुटलं. मग गुरूंनीच फ्रेंच विद्यार्थ्यांसाठी छोटं टिपण मागितलं. त्याचं १९०५ साली जाडजूड पुस्तक झालं, आणि १९०८ची जर्मन आवृत्ती त्याहून कितीतरी मोठी. गुरूला शिष्याकडे विचारावंसं वाटलं, हे मला त्या पानसंख्येपेक्षा मोठं वाटतं.

*

भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत आहे आणि संवादरूपात आहे, या दोन्ही गोष्टींबद्दल आपण पुरेसे कृतज्ञ नाही. १९१० ते १९३२, चार खंड. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, कधी ग्रंथांतली विसंगती सरळ मान्य करतो. भातखंडे पेशाने वकील. साक्षी-पुरावा तपासण्याची ती सवय त्या संवादांत जाणवते. 'चतुर' या नावाने त्यांनी लक्षणगीतं रचली, म्हणजे रागाचे नियम त्याच रागात गायचे. नियमांना एवढं महत्त्व दिल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि काही ठिकाणी ती रास्तही आहे. पण मला त्यांचा शिष्य आवडतो. तो भाबडा नाही. समजलं नाही तर पुन्हा विचारतो, आणि आपल्याला जे विचारायला संकोच वाटला असता तेच विचारतो. राग ऐकू येत नाही, पण ऐकताना कुठे थांबून लक्ष द्यायचं ते कळतं.

*

मार्क ब्लॉकने इतिहासकाराच्या कामावरचं पुस्तक दुसऱ्या महायुद्धात लिहिलं, तेव्हा त्याचं ग्रंथालय हाताशी नव्हतं. सुरुवातीला एक मुलगा इतिहासकार बापाला विचारतो की इतिहासाचा उपयोग काय. ब्लॉक तो प्रश्न झटकत नाही, सगळं पुस्तक त्याच्यावर खर्च करतो. पुढे तो प्रतिकार चळवळीत उतरला. १६ जून १९४४ला गेस्टापोने त्याला लिआँजवळ गोळ्या घातल्या. पुस्तक अपुरंच राहिलं. मित्र ल्युसियँ फेव्र याने ते १९४९ला छापून आणलं.

त्यातला एक विचार माझ्या वाचनाला कायमचा चिकटला: पुढच्यांसाठी मुद्दाम लिहून ठेवलेल्या साक्षीपेक्षा नकळत मागे राहिलेली साक्ष जास्त सांगून जाते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा १८९८चा पहिला खंड मी तेव्हापासून वेगळा वाचतो. त्यात पानिपतच्या मोहिमेतली पत्रं आहेत. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा तगादा लावतात. त्या पत्रांना इतिहास सांगायचा नव्हता, फौज जगवायची होती. आता त्याच खंडाची प्रस्तावना पुन्हा वाचायला घेतली आहे.