दादीसाठी चंदेरी तारा

रमजानमध्ये असर ते मगरिब हा वेळ मुलांना फार जड जातो. भूक लागलेली असते, अंगात त्राण नसतं आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. माझी थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. या वेळात त्यांना मी ईदकार्डं करायला बसवते.

यंदा मात्र एक अडचण होती. माझ्या सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. मुलं दरवर्षी चंद्र-मशिदीचं चित्र काढून दादीला देतात. त्या गुळगुळीत कागदावरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘माशाअल्लाह, छान!’ गेल्या ईदला धाकट्याने मला विचारलं, ‘दादीला दिसत नाही, मग छान आहे हे कसं कळलं?’ मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून यंदा चपात्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल काढला. साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यायचा. त्यावर पेन्सिलीने एक चौकोन काढायचा आणि त्याच मध्यबिंदूवर तेवढाच दुसरा चौकोन तिरपा बसवायचा. झाला आठ टोकांचा तारा! आपल्या जुन्या इमारतींच्या नक्षीत हा तारा कितीदा तरी भेटतो. रेघांवर फेविकॉलने सुतळी चिकटवून रात्रभर वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे पातळ फेविकॉल लावून वर फॉइल पसरायचा, चकचकीत बाजू वर. कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे हलके दाबत गेलं की सुतळी वर उठून दिसते. घाई केली तर फॉइल फाटतो. तो केसाहूनही पातळ असतो. संपलेल्या बॉलपेनने मोकळ्या जागेत ठिपके आणि पानं उमटवायची. कडा बोटाला कापतात, त्या मागे दुमडायला विसरू नका.

बूटपॉलिश चोळून पुसलं की खोलगट भाग काळा राहतो, उंच भाग चमकतो आणि जुन्या चांदीसारखं रूप येतं. थोरली म्हणाली, ‘दादीच्या कार्डाला पॉलिश नको. तिच्या बोटांना वास लागेल.’ तिला त्यावर अल्लाहचं नावही लिहायचं होतं. पण कार्ड हाताळलं जाणार, कधी खाली पडणार. बेअदबी नको, म्हणून ताऱ्याभोवती वेलच काढली.

आम्ही सोलापूरचे, विजापूर जवळच. नजर चांगली होती तेव्हा इब्राहिम रोजाच्या भिंतीवर कोरलेल्या नक्षीवरून सासूबाई कितीतरी वेळ हात फिरवत उभ्या होत्या. ते मला तेव्हा नवलाचं वाटलं होतं.

ईदच्या सकाळी शीरखुर्मा झाल्यावर मुलांनी कार्डं त्यांच्या मांडीवर ठेवली. या वेळी त्या लगेच ‘छान’ म्हणाल्या नाहीत. बोट एका टोकावर ठेवून हळूहळू फिरवू लागल्या. ‘...सहा, सात, आठ. तारा आहे. आणि ही पानं!’ मग धाकट्याच्या कार्डावर बोट थांबलं. ‘बेटा, इथं सुतळी जुळली नाही.’

मला वाटलं, आता हा रडणार. पण तो उड्या मारत माझ्याकडे आला. ‘अम्मी, दादीने चूक पकडली! तिला खरंच दिसलं!’ बासी ईदला तो नवा पुठ्ठा घेऊन बसला, आणि या वेळी सुतळी कापण्याआधी डोळे मिटून कोपरा बोटाने तपासू लागला.

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत कळला तर उरलेली जपता येते. तो घराण्यातही चालत येतो. म्हणून ईदनंतर माझ्या शौहरांचे आणि नणंदांचे डोळे आम्ही तपासून घेतले. तुमच्या घरातही कुणाला काचबिंदू असेल तर आजच तपासणी करा. आणि मुलांना सुतळी, पुठ्ठा, फॉइल द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यातलं काय समजतं, ते मुलांनाच विचारू द्या.