उजव्या गियरची गाडी

माझ्या लहानपणी साताऱ्याच्या शनिवार पेठेत बुलेट दिसण्यापूर्वी ऐकू येत असे. तिन्हीसांजेला ओसरीवर बसून मी पाढे म्हणत असताना राजवाड्याच्या बाजूने तो मंद, भारदस्त आणि समान अंतराने पडणारा ठोका कानी आला, की माझे पाढे नकळत त्याच्या लयीत जात, आणि ते वाहन गल्लीच्या तोंडावरून निघून गेल्यानंतरही कितीतरी वेळ ओसरीच्या फळ्यांत त्याचे कंपन उरले आहे असे मला वाटे. वडील जन्मभर सायकलीवरून कचेरीत गेले; मोटारसायकलीचा विचारही त्यांच्या वेतनात बसणारा नव्हता; परंतु तो ठोका ऐकून त्यांचीही मान क्षणभर समोरच्या दप्तरातून वर होई. पुढे चाळीसएक वर्षांनी मी ती गाडी घेतली त्याच्या मुळाशी माझ्या हौसेइतकीच त्यांची ती वर उचललेली मान होती, असे आज मला वाटते.

घेतली तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो आणि गाडी बावीस वर्षांची. १९८६ साली नोंदलेली, पंधरा वर्षांची मूळ मुदत संपल्यावर पाच पाच वर्षांसाठी दोनदा पुनर्नोंदणी झालेली, काळ्या रंगाची साडेतीनशेची बुलेट. वाईच्या एका निवृत्त गृहस्थांनी ती पहिल्यापासून वापरली होती आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी किक मारणे वर्ज्य केले म्हणून ते ती विकत होते. हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३० चे कागद भरून, चासी क्रमांकावर कागद ठेवून त्याचा पेन्सिलीने ठसा उमटवून, विम्याचा दस्तऐवज माझ्या नावे करून देण्याचे सर्व सोपस्कार त्यांनी शांतपणे पार पाडले, मात्र चावी देताना त्यांनी तिच्यासोबत एक जाड बांधणीची वही माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, “हिच्यात सगळं आहे. मी सुरू करून दाखवली असती, पण आता पाय ऐकत नाही.” मग ओट्यावर बसल्या बसल्याच त्यांनी उजवा हात हवेत धरून, पाय किकवर कसा ठेवावा, कुठे थांबावे आणि कोठून सोडावा, हे मला हाताने दाखवले. त्या हालचालीचा अर्थ पुरता उमगायला मला तीन महिने लागले.

या यंत्राचे कूळ सर्वपरिचित आहे. इंग्लंडातील रेडिचच्या कारखान्यात जन्मलेला हा नमुना आपल्या लष्कराने सरहद्दीवरील गस्तीसाठी पसंत केला, १९५५ साली मद्रासेत त्याच्या जुळणीसाठी कंपनी उभी राहिली, आणि मूळ इंग्रज घराणे लयाला गेल्यानंतरही तिकडचा तो आराखडा इकडे अल्पशा फेरफारांनिशी दशकानुदशके जिवंत राहिला. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात नव्वद मिलिमीटरचा लांब फेरा मारणारा एकच दट्ट्या: माझ्या बालपणीच्या त्या ठोक्याचे सारे रहस्य या दोन आकड्यांत आहे. फेरा लांब असल्यामुळे हे इंजिन घाईने फिरत नाही आणि त्याला घाई करू पाहणाऱ्याचे ते ऐकत नाही.

सुरू करण्याचाच विधी घ्या. प्रारंभी मी तरुणपणच्या सवयीने सारा भार टाकून किक मारीत असे. गाडी निपचित राही, आणि एके सकाळी किक उलटून अशी नडगीवर बसली की आठ दिवस मी लंगडत होतो. वहीच्या पहिल्याच पानावर याचे उत्तर होते: “काटा पाहावा.” हेडलाइटच्या शिरावर बसवलेल्या अॅमीटरकडे तोवर मी अलंकार म्हणून पाहत होतो. चावी फिरवून किक हळूहळू दाबीत गेले, की कॉन्टॅक्ट पॉइंट जुळलेले असेतो प्रवाह वाहतो आणि काटा डावीकडे झुकतो. ते विलग झाले की तो मध्यावर परततो. दट्ट्या दाबाच्या शिखराशी येऊन पायाला अडला, की डाव्या मुठीजवळची डिकॉम्प्रेसरची तरफ ओढून कोंडलेली हवा सोडावी, दट्ट्याला शिखराच्या किंचित पलीकडे नेऊन तरफ सोडावी, किक पूर्ण वर येऊ द्यावी, आणि मग एकच सलग, शेवटपर्यंत जाणारा पाय द्यावा. यात बळाचा भाग थोडा आणि ऐकण्याचा भाग मोठा आहे. वाईच्या त्या ओट्यावर हवेत थांबलेला हात ज्या ठिकाणी थांबला होता, ते हे शिखर.

परंतु खरी परीक्षा पायांची होती. पंचवीस वर्षे मी डाव्या पायात गियर आणि उजव्या पायात ब्रेक अशा गाड्या चालवल्या होत्या. या जुन्या बुलेटचे गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, त्यातही पहिला गियर वर उचलायचा आणि पुढचे तीन खाली दाबायचे. रिकाम्या रस्त्यावर हे सर्व बुद्धीला पटते आणि जमते. कठीण प्रसंगी मात्र बुद्धीला विचारायला कोणी थांबत नाही. पोवई नाक्याजवळ एक मूल हातातून सुटलेला चेंडू पकडण्यासाठी अकस्मात रस्त्यावर धावले, तेव्हा माझ्या उजव्या पायाने जिवाच्या आकांताने जे दाबले तो गियर होता. गाडी तिसऱ्यातून चौथ्यात गेली, वेग तसूभर कमी झाला नाही. हाताच्या ब्रेकने आणि त्या मुलाच्या आजीने त्याला मागे खेचल्याने जे व्हायचे ते टळले. घरी परतल्यावर मी गाडी स्टँडवर लावली आणि बराच वेळ तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिलो. ज्याला आपण “माझी सवय” म्हणतो ती किती अल्प प्रमाणात माझी असते, किती खोलवर ती एका परक्या यंत्राने माझ्या हाडांत लिहून ठेवलेली असते, हे त्या सायंकाळी मला प्रथम कळले.

त्यानंतर महिनाभर मी पहाटे यवतेश्वरच्या घाटात जाऊन केवळ थांबण्याचा अभ्यास केला. चालायचे आणि थांबायचे. चालायचे आणि थांबायचे. या काळात गाडीची दुसरी बाजूही दिसू लागली. गियरच्या पट्टीवरील रबर एकाच कडेला झिजले होते, कारण आधीच्या मालकाचा पाय तेथे तिरका पडत असणार. क्लचची दांडी दोन बोटांच्या जागी गुळगुळीत झाली होती, आणि मी चार बोटांनी ती धरली की ती अडखळे, दोनच बोटांनी ओढली की अलगद येई. म्हणजे मी तिला वळण लावायला निघालो होतो ती आधीच बावीस वर्षांच्या वळणाची होती. तिच्याशी भांडण्यापेक्षा त्या अपरिचित पायाची आणि त्या दोन बोटांची सवय आपल्या अंगी मुरवावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटले, आणि ते करण्यात कमीपणा आहे असे मला कधीच वाटले नाही.

वही हे त्याचे साधन. तारीख, किलोमीटर, ऑइल बदलले, पॉइंट घासले, साखळी ताणली, आणि मध्येच एखादे वाक्य: “टॅपेट नेहमी इंजिन थंड असताना पाहावे. गरम इंजिनवर मिस्त्रीचेही ऐकू नये.” “घाट ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा.” रोजकीर्दीसारख्या त्या कोरड्या नोंदींत एका माणसाच्या निष्ठेचा जो प्रत्यय येतो, तो मला अनेक मोठ्या ग्रंथांत आलेला नाही.

पावसाळा ओसरल्यावर मी मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरास गेलो आणि तेथून आंबेनळीच्या घाटाने पोलादपूरकडे उतरलो. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर, धुक्यातून एका वळणावर समोर अचानक एस.टी. आली. गाडी रस्त्याच्या कडेला शांतपणे उभी राहिली. एस.टी. निघून गेल्यावर मी खाली पाहिले, तर डावा पाय ब्रेकवर होता. मी त्याला काहीही सांगितले नव्हते.

परतताना मी मुद्दाम वाईवरून आलो. त्या गृहस्थांच्या गल्लीत वळलो आणि फाटकाशी पोहोचण्यापूर्वीच ते काठी टेकीत ओट्यावर येऊन उभे राहिले होते. गाडी त्यांना दिसण्याआधी ऐकू आली होती. मी बंद करू लागलो तसे त्यांनी हाताने थांबवले, मान किंचित कलती करून डोळे मिटून ते क्षणभर ऐकत राहिले, आणि म्हणाले, “छान ठेवलीत. एक्झॉस्टचं टॅपेट मात्र सैल झालंय. उद्या सकाळी बघा, थंड असताना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उघडून पाहिले. टॅपेट सैल होते.