मोत्याचे पंचांग

सहलीचा बेत ठरवताना आमच्या घरात पूर्वी दोनच प्रश्न निघत: डब्यात काय न्यायचे आणि परत केव्हा यायचे. आता तिसरा प्रश्न आला आहे: त्या दिवशी तिथी कोणती? हे वाचून आम्ही मोठे मुहूर्त पाहणारे लोक आहोत, असा वाचकांचा समज होईल. तसे काही नाही. हा मुहूर्त आमचा नसून मोत्याचा असतो.

मोत्या हा आमचा गावठी कुत्रा. मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या या प्राण्याला एकदा तरी समुद्रावर मोकळे पळू द्यावे, असा कन्येचा हट्ट होता. प्रश्न होता न्यायचे कसे. रेल्वेने न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाची अख्खी खोली राखून ठेवा, नाही तर त्याला ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत घाला. पहिले आमच्या खिशाला झेपत नव्हते, दुसरे मनाला. पण २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. तीत कुत्र्याचेही तिकीट निघते असे कळले आणि एका वैशाखी रविवारी आम्ही निघालो.

डब्यात पुरणपोळ्या होत्या, पिशवीत चेंडू होता. फक्त अक्कल तेवढी घरी राहिली होती. नागावच्या सुरूच्या बनाबाहेर पाऊल टाकले तेव्हा बारा वाजले होते. आमच्या पायांत चपला होत्या, मोत्याच्या पायांत नव्हत्या. तापलेल्या वाळूवरून तो चेंडूमागे चार वेळा धावला, खारे पाणी प्याला, ओकला आणि पाचव्या वेळी वाटेतच आडवा झाला. जीभ लांब बाहेर, छाती भात्यासारखी, डोळे भलतीकडेच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंगातली उष्णता बाहेर काढावी लागते, हे मी पुढे शिकलो. त्या क्षणी मी नुसता उभा होतो आणि कन्या रडत होती.

सावलीत मासळीची पाटी घेऊन एक कोळीण बसली होती. ती उठली, मोत्याला उचलायला लावून आम्हाला सावलीत घेऊन गेली. जवळच्या विहिरीचे पाणी आणवून तिने गोणपाट भिजवले, ते खाली अंथरून त्यावर त्याला निजवले आणि पोटावर व पंजांवर पाणी ओतत राहिली. कन्या त्याच्या तोंडात पाणी घालू लागली, तेव्हा तिने हात धरला. "घशात अडकेल, पोरी. शुद्धीवर येऊन आपणच पिईल." अर्ध्या तासाने मोत्याने शेपटीचे टोक हलवले. अलिबागला डॉक्टरांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, वेळेवर पाणी मिळाले म्हणून वाचला.

निघताना मावशी मला म्हणाल्या, "दादा, मुक्या जनावराला भर दुपारी वालूवर आनलास? घरा पंचांग हाय ना?"

त्यांनी शिकवलेले गणित कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तिथीचा पाऊणपट करावा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती मध्यान्हीच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. चतुर्दशीला साडेदहाला भरती आणि साडेचारला ओहोटी. कुत्र्याला हीच वेळ सोयीची: ऊन उतरलेले, वाळू ओली व गार, किनारा रुंद. हिशेब थोडा मागेपुढे होतो, म्हणून भरतीचे छापील वेळापत्रकही पाहावे. शिवाय या दिवसांत उधाण असते, पाणी झपाट्याने परत येते. तेव्हा ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्याकडे जाण्याचा मोह कुत्रा बरोबर असताना आवरावा.

पुढल्या पौषात शुद्ध चतुर्दशीला रविवार आला. या वेळी पिशवीत गोड्या पाण्याच्या बाटल्या, पसरट भांडे, जुना पंचा आणि लांब दोरी होती. सकाळी चौलला दत्ताची टेकडी केली. पायऱ्या पुष्कळ, म्हणून आम्ही पाळीपाळीने वर गेलो. दत्तांच्या पायाशी चार कुत्री असतात. आमचे पाचवे पायथ्याशी झाडाखाली निवांत पडून राहिले. दुपार एका वाडीत पोफळींच्या सावलीत काढली. वाडीवाल्यांना आधी विचारले, कोंबड्या कुठे आहेत ते पाहून घेतले आणि मोत्याला बांधले.

साडेचारला अक्षीच्या किनाऱ्यावर उतरलो. ओल्या वाळूवर पांढऱ्या कुरवांचा थवा टिपत होता. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि त्यापलीकडच्या पठारांवरून हिवाळ्यापुरते इथे येतात. एवढ्या लांबून आलेल्यांना जेवता जेवता उठवणे बरे नव्हे, म्हणून दोरी हातातच ठेवली. परतीच्या वाटेवर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. तिथे कुत्र्याला मज्जावच आहे. पूर्वी मला त्याचा राग आला असता. आता वाटते, आपण पाहुणे आहोत आणि आपल्याबरोबर आणखी एक पाहुणा आहे; घरच्यांची सोय आधी पाहावी.

बराच वेळ दोरी सैल ठेवून शहाण्यासारखा चालणारा मोत्या एकाएकी जोराने ओढू लागला. समोरून मावशी येत होत्या, डोक्यावर पाटी. त्याने त्यांचे पाय चाटून काढले. ओळख पटली होती की मासळीचा वास आला होता, ते मला सांगता येणार नाही.

त्यांनी एकवार मोत्याच्या पायांकडे, एकवार लांब गेलेल्या पाण्याकडे पाहिले. "आज चवदस ना?"

"हो," मी म्हटले, "पंचांग बघूनच निघालो."