ओटल्यावरची खारी सिंग

१९८८ साली मी बेळगावहून बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात शिकायला गेले. दांडिया बाजारात मराठी इतकं कानावर पडे, की गाव सोडल्यासारखं वाटेना. खोली मात्र मिळाली ती जुन्या शहरात, एका गुजराती कुटुंबाच्या माडीवर. पहिल्याच संध्याकाळी घरमालक काकांनी विचारलं, "सिंग खाईश?" मी दचकलेच. शिंगं कोण खातं! त्यांनी कागदी पुडी उलगडली, तर आत आपले शेंगदाणे!

पण ती भरुचची खारी सिंग होती. दाण्यांना मिठाचं पाणी लावून वाळवायचे आणि कढईतल्या तापलेल्या वाळूत भाजायचे. तेलाचा थेंब नाही. ही सिंग बकाणा भरून खायची नसते. एकेक दाणा बोटांत चोळायचा, साल फुंकरायची, मग तोंडात. भाजलेल्या चण्यांचंही तसंच. तेवढ्यात समोरच्याचं वाक्य पुरं होतं आणि आपलं सुरू होतं. पावशेराच्या पुडीला दोन तास सहज लागत.

ओटला म्हणजे आपला कट्टा, कन्नडातला 'कट्टे'. तिथे चाले ती 'हरटे'च, पण संथ. काकी दारातल्या हिंचक्यावर, काका पायरीवर. उठू लागलं की काकी म्हणत, "बेस ने, शांतीथी." पाऊस, तुरीचा भाव, कुणाच्या तरी मुलीचं लग्न... मुद्द्याचं कुणी आधी बोलतच नसे. सुरुवातीला मला याचा वैताग येई, अभ्यास पडलेला असायचा ना!

दुसऱ्या वर्षी वडिलांचं पत्र आलं. स्थळ आलंय, शिक्षण पुरे, निघून ये. चार दिवस ते पत्र पिशवीत घेऊन मी ओटल्यावर बसत होते. काही बिनसलंय हे दोघांना दिसत होतं, पण विचारलं कुणीच नाही. पाचव्या दिवशी पुडीच्या तळाशी मीठ आणि सालंच उरली, तेव्हा मी बोलले. काकांनी शेवटचे चार दाणे सोलून माझ्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्या हिंदीत वडिलांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यात काय होतं, वडिलांनी कधी सांगितलं नाही. परीक्षा मात्र मी दिली.

काका आता नाहीत. गेल्या थंडीत अहमदाबादला जाताना मी बडोद्याला उतरले. भरुच स्टेशनवर गाडीतच पुडी घेतली होती. हातात दोन तास, त्यातला एक रिक्षांतच जाणार. काकी एकट्याच हिंचक्यावर बसल्या होत्या. माझ्या मुलांचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, तुरीच्या भावावरही आल्या. मी दोनदा घड्याळ पाहिलं. "बेस ने," त्या म्हणाल्या. मी उठले. पुडी अर्धी राहिली.

रिक्षा वळताना पाहिलं, तर शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं होती. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. रात्री फोन केला, "काकी, काही बोलायचं होतं का?" त्या हसल्या. "तुं आवे त्यारे कहीश."

येत्या डिसेंबरात जाते आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही.