पाकिटाची मागची बाजू

बार्शी,
भोगी, १३ जानेवारी २०२६

चि. मनू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, ते अजून मनातून जात नाही. लेकाच्या सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली, तीही दहाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं बंद करा. आणि तू म्हणालीस, "आत्या, मीच खायला घातलं ना गं सगळं." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज भोगीची भाजी मंद गॅसवर ठेवली आहे, तीळ लावलेल्या भाकऱ्या दुरडीत निवताहेत, म्हटलं आता निवांत लिहावं.

त्या फोननंतर मी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आपलं दुकान बंद झालं तरी उधारीच्या वह्या तुझ्या बाबांनी टाकल्या नव्हत्या. १९८४ ची वही उघडली. त्यात अक्षर माझंच, लग्नाआधीचं. एका मास्तरांच्या घरचं महिन्याचं पान वाचलं: ज्वारी, तूरडाळ, हरभराडाळ, गूळ, शेंगदाणे, करडईचं तेल, मिरची, चहापत्ती, साखर. बिस्किटाचा पुडा अख्ख्या महिन्यात एक, आणि पुढे कंसात मी लिहिलेलं: 'ताप'. आजारी माणसाला चहात बुडवून द्यायची वस्तू होती ती! मग २००९ ची वही काढली. घर तेच, अक्षर तुझ्या बाबांचं. ज्वारी दोन किलोवर आलेली. बिस्किटं तीन तऱ्हेची, खारी, नूडल्स, सॉस, वेफर्सची बारकी पाकिटं. कंसात काही नाही, कारण आता ताप यायची गरज उरली नव्हती.

दोन वह्यांमध्ये पंचवीस वर्षं गेली. त्या घरात एक दिवस बसून कुणी ठरवलं नव्हतं की आजपासून आपण असं खायचं. तसं तूही ठरवलेलं नाहीस.

ब्राझीलमध्ये कार्लोस मॉन्तेरो नावाच्या डॉक्टरांना असंच कोडं पडलं होतं. लोक घरी साखर आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होते आणि लठ्ठपणा मात्र वाढत होता. साखर-तेल कुठे गायब झालं नव्हतं, ते किराण्याच्या पिशवीऐवजी तयार पाकिटांत बसून घरी येत होतं. तेव्हा अन्नात किती साखर, किती तेल एवढंच न बघता, त्यावर कारखान्यात काय काय झालं हेही बघायला हवं, असं त्यांनी २००९ पासून मांडलं. दळलेलं पीठ, दही, घाण्याचं तेल यांवरही प्रक्रिया होतेच. पण मैदा, साखर, तेल, स्टार्च वेगवेगळे काढून, त्यांत रंग, वास आणि चव घालून जी वस्तू नव्याने जुळवली जाते, आणि जी आपल्या स्वयंपाकघरातल्या जिनसांनी करताच येणार नाही, तिला त्यांनी वेगळ्या खान्यात टाकलं. आता इंग्रजीत अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणतात ते हे.

दुकानदाराची बहीण म्हणून आतली गोष्ट सांगते. ज्वारी विकण्यात काही राम नव्हता. पोत्यात पावसाळ्यात किडे होणार, चाळायला माणूस लागणार, वजनात तूट येणार, आणि वर गिऱ्हाईक मूठभर हातात घेऊन नाक मुरडणार. पाकिटाचं तसं नाही. सेल्समन दुचाकीवरून येई, पाकिटांची माळ स्वतः खिळ्याला टांगून जाई, स्कीम सांगे, तारीख उलटलेला माल बदलून देई. तुझ्या बाबांनी पाकिटं पुढे मांडली आणि पोती मागे सरकवली, ती कुणाचं वाईट चिंतून नव्हे. घर त्यावर चालत होतं. तुझी इंजिनिअरिंगची फीही त्यातूनच गेली, म्हणून त्या माळेला मी मोकळ्या तोंडाने शिव्या देऊ शकत नाही.

तेलाचंही तसंच. आपल्याकडे ज्वारीच्या रानाला कडेने करडई पेरायचे. काटेरी, त्यामुळे जनावर आत शिरत नसे, आणि वर्षाचं तेल निघे. घाण्यावरून आलेलं तेल वास मारायचं, दोन-तीन महिन्यांत खवट व्हायचं, पण पेंड म्हशीपुढे जायची आणि हिशेब गावातच मिटायचा. रेशनवर पामतेल आधीपासून येत होतं. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली आणि बाजार पालटला. दरम्यान रानात सोयाबीन शिरलं. त्यात तेल जेमतेम १८ टक्के, बाकी सगळी पेंड, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामचा. ते स्वस्त, वास नसलेलं, टिकाऊ आणि थोडं घट्ट, म्हणून बिस्किट महिनोन् महिने खुसखुशीत राहतं. पूर्वी हे काम डालडा करायचा. १९३७ साली तो बाजारात आला आणि त्याचं नाव साऱ्या वनस्पती तुपालाच चिकटलं. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक, हे कळूनही ती दोन टक्क्यांच्या आत आणायला आपल्याकडे २०२२ साल उजाडलं.

पण जुनं सगळं सोन्याचं होतं असं म्हणणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या मंडळींत मला बसवू नकोस. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला चव नव्हती आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आम्ही सणासारखी खात होतो. तुझी पणजी पहाटे जात्यावर बसे. ओव्या आपल्याला गोड वाटतात, तिचे खांदे मात्र म्हातारपणी वर उचलत नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिने जात्याला हळदकुंकू लावलं आणि पुन्हा त्याकडे पाहिलं नाही. सुट्या मालाचंही कौतुक नको. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, साठाहून जास्त माणसं दगावली, आणि मग सुट्या तेलावर बंदी आली. यंत्र वाईट नाही, पॅकिंगही वाईट नाही.

मग बिनसतं कुठे? माझ्या मते 'पुरे' म्हणण्यात. भाकरी चावायला वेळ लागतो, दुसरी संपेपर्यंत पोट बोलतं. पाकिटातली वस्तू मऊ किंवा कुरकुरीत, पटकन विरघळणारी. पोटाला कळेपर्यंत हात तळाशी गेलेला असतो. हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१९ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्याचं खाणं, दोन आठवडे साधं. दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ, तंतू जुळवून वाढलेले, आणि सांगितलेलं, हवं तेवढं खा. कारखान्याच्या ताटावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि जेवतही भराभर होती. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं, आणि साध्या ताटावर तेवढंच उतरलं. माणसं तीच होती, त्यांचा संयमही तोच होता. फक्त ताट बदललं होतं. म्हणून लेकाला 'हावरट' म्हणू नकोस, आणि स्वतःला 'निष्काळजी' तर मुळीच नको.

"पण तो जाड दिसतही नाही," असं तू म्हणालीस. त्याचंही उत्तर तुझ्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंची-वजनाचं गणित दोघांचं एकच, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपली ठेवण. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांतही त्यांना ती दिसली. तेव्हा जास्तीचं खाणं आपल्याला लवकर बाधतं.

आता काय करायचं? मोठी प्रतिज्ञा नको, ती संक्रांतीला होते आणि शिमग्याला मोडते. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या चुकवू नकोस. घरात माळ टांगू नका, जे हवंसं वाटेल ते त्या दिवशी दुकानात जाऊन एक आणा. शाळेतून आल्या आल्या भूक लागते, तेव्हा ओट्यावर काहीतरी तयार हवं: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळं, दडपे पोहे. गूळ म्हणजे औषध नव्हे, तोही साखरच, हे लक्षात ठेव. आणि "घरी करा" हे सांगणं फार सोपं आहे गं. करणार कोण? तू साडेसातला घरी येतेस. तेव्हा जावईबापूंना भाकरी थापायला शिकव. पहिल्या चार नकाशासारख्या होतील, पाचवी गोल होते. पणजीच्या खांद्यावरचं ओझं उतरवून ते तुझ्या खांद्यावर ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही.

सरकारकडूनही मला थोडं हवं आहे. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटावर पुढच्या बाजूला काळी अष्टकोनी खूण असते. आपल्याकडे २०२२ साली मसुदा आला तो ताऱ्यांचा, हॉटेलला देतात तसा. तारा बघून पोरगं पाकीट उचलणारच. मला काळी खूण हवी.

ती येईपर्यंत मागची बाजू आहेच. काल मी भिंग घेऊन एका बिस्किटाच्या पुड्याची यादी वाचली. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. पुढच्या बाजूला गव्हाची ओंबी आणि दुधाचा पेला छापलेला. दूध यादीत होतं, पण इतकं शेवटी की भिंग तिथपर्यंत नेताना माझा हात दुखला.

शेजारचे काका रविवारी पुण्याला निघालेत. त्यांच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकऱ्या आणि तिळगुळाचा छोटा डबा देते आहे, छोटाच. लेकाला पाकीट उलटं करून वाचायला शिकव. ती अक्षरं फार बारीक असतात, आणि घरात चष्मा न लागलेला तो एकटाच आहे.

तुझी,
आत्या