खुर्द्यातलं डुक्कर

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक नाणी बघायला गेलेला माणूस अथेन्सच्या घुबडछाप चांदीच्या नाण्यापाशीच रेंगाळतो. माझा जीव मात्र त्याच संग्रहातल्या, कोटाच्या बटणाएवढ्या काशाच्या नाण्यावर. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं, अथेन्सजवळच्या एलेउसिसच्या नावाचं. एका बाजूला पंख लावलेल्या रथात त्रिप्टोलेमस बसलाय, रथाला साप जुंपलेले. देमेतर देवीनं माणसांना शेती शिकवायला धाडलेला हा वीर. नाणं उलटलं की डुक्कर! चांगलं गुबगुबीत, चारी पाय रोवून उभं. पायांखाली दीक्षा घेणारे हाती धरत ती डहाळ्यांची जुडी.

देवीच्या नाण्यावर हे काय? तर एलेउसिसमधल्या तिच्या गुप्त विधींची दीक्षा घ्यायची, तर आधी डुकराच्या पिल्लासकट समुद्रात बुडी मारायची, मग त्याचा बळी द्यायचा. ग्रीक कळत असलं आणि हातून खून झालेला नसला, की बाई असो वा गुलाम, कुणालाही ही दीक्षा मिळे. आत काय घडतं हे फोडणाऱ्याला देहदंड होता, आणि ते गुपित आजही गुपितच आहे. पिल्लू कशाला लपवायचं? ते तर भर बाजारातून आणलेलं.

अरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकात (इ.स.पू. 405) पाताळात दीक्षितांचं गाणं सुरू होतं, तेव्हा नायकाच्या गुलामाला आधी जाणवतो तो डुकराच्या मांसाचा खमंग वास. त्याच नाटकात युद्धानं खंक झालेल्या अथेन्सच्या नव्या तांबड्या नाण्यांना शिव्याही आहेत. त्याच्याच पुढच्या एका नाटकातला गडी द्राक्षं विकून, गालात खुर्दा कोंबून (तोंड हाच बटवा!) पिठाला जातो. पोतं पुढे करतो न करतो तोच दवंडी: यापुढे काशाचं नाणं चालणार नाही, चांदीच हवी.

पण इ.स.पू. चौथ्या शतकातच काशाचं नाणं परतलं आणि टिकलं. घुबड परदेशी फिरायचं, त्याला रुबाब सांभाळणं भाग होतं. हा खुर्दा घरच्या बाजारातला. त्यावर डुक्कर शोभून गेलं, असं आपलं मला वाटतं.

अथेन्समध्ये आठ खाल्कूस (काशाची नाणी) म्हणजे एक ओबोल, सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा. अरिस्टोफेनिसच्याच ‘शांती’ नाटकाचा नायक मरण समोर दिसताच दीक्षेच्या पिल्लासाठी तीन द्राख्मा उसने मागतो. म्हणजे एका पिल्लाला 144 खाल्कूस.