मुनीमकाकांचं देणं

ज्या विद्येवर माझं पोट चालतं, ती मला दोन ठिकाणी मिळाली. पुण्यात फी भरली, तो हिशेब मिटला. उदगीरच्या मोंढ्यातला अजून मिटलेला नाही. तिथल्या एका आडत दुकानाच्या गादीवर हयात काढलेल्या माणसाला सारे मुनीमजी म्हणत, मी मुनीमकाका म्हणे. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही.

मी तेव्हा मोबाईल ॲपची रचना शिकत होतो. शेतकऱ्याच्या पट्ट्या फोनमध्ये राहाव्यात, कोणता माल किती गेला, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली हे वर्षाअखेरी एका जागी दिसावं, असं ॲप मनात होतं. अशा कामात आधी संगणकाला हात लावायचा नसतो. फोनच्या मापाचे कागद कापायचे, एकेकावर एकेक स्क्रीन हातानं काढायचा. समोरच्यानं बटणाच्या चौकटीवर बोट टेकवलं की पुढचा कागद ठेवायचा. हा कागदी प्रोटोटाइप. स्कँडिनेव्हियात १९८१ साली सुरू झालेल्या 'यूटोपिया' प्रकल्पात छापखान्याच्या कामगारांसोबत हेच केलं होतं. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेसर प्रिंटर' लिहायचं आणि यंत्र आलंय असं धरून काम करून बघायचं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे कच्चा हिशेबच की. आम्ही दुसरं काय करायलाव?"

त्यांची रीत अशी होती. वजन, भाव, कपात आधी पेन्सिलीनं मांडायची आणि शेतकऱ्याला मोठ्यानं वाचायला लावायचं. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्यासोबत आलेल्याला. वाचणारा जिथं अडखळेल तिथं पुन्हा मांडायचं. शाईची पट्टी त्यानंतर.

सोयाबीनचा हंगाम होता. सौदा निघेपर्यंत शेतकरी आपल्या ढिगाशी बसून असतो. काकांनी तेवढ्या वेळात मला माणसं मिळवून दिली. वाढवण्याची, हंडरगुळीची, जळकोटची, सीमेपलीकडच्या औरादचीही. "या पोराला जरा मदत करा, शिकायलाय," एवढ्या शब्दावर लोक माझ्या चिठोऱ्यांपुढे बसले. फोनचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. बोट टेकलं की कागद बदलायचा, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. कुणाचं बोट भलतीकडे गेलं की "वरचं, वरचं दाबा" असं माझ्या तोंडाशी येई. काका नजरेनंच गप्प करत. संध्याकाळी म्हणाले, "तू बोललास की तो तुझं ऐकतोय, कागद वाचत नाही. घरी गेल्यावर तू असणारायस का त्याच्यासंगं?"

कागदावर तारीख, माल, वजन अशी उतरंड होती आणि हाती पडणारी रक्कम तळाशी. बहुतेकांचं बोट थेट तळाला जाई. तो आकडा पटला नाही, तरच वर चढून हमाली-तोलाई तपासायची. म्हणून रक्कम सर्वांत वर आली, कपात तिच्या खाली. एका आजोबांनी तर काकांच्या हातची पेन्सिल घेऊन स्वतःच चौकट ओढली. "मॉइश्चर इथं लिवा. भाव का पडला ते पोराला कळंल." हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे, आणि मोंढ्यातला भावही त्यावरच वरखाली होतो. चकचकीत स्क्रीन पुढे केला असता तर तेच आजोबा "मस्त हाय" म्हणून फोन परत देते. पेन्सिलीच्या रेघेवर रेघ मारायला कुणी भीत नाही.

जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांकडून तपासून घेतलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. हे सांगितल्यावर काकांनी ते पाचही ठरवून दिले: एक वाचणारा, एक न वाचणारा, एक घाईतला, एक संशयी आणि एक बाई. बाई कशाला, विचारलं तर म्हणाले, "घरी हिशेब तीच मागती."

ते ॲप कॉलेजच्या मार्कांपुरतंच राहिलं, कुणाच्या फोनमध्ये गेलं नाही. पण ती पाच माणसं मी आजही प्रत्येक कामात शोधतो, आणि समोरच्याचं बोट अडलं की तोंड मिटून बसतो. त्याचे पगारात पैसे मिळतात. काकांनी एक चहासुद्धा माझ्या खिशातून होऊ दिला नाही.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आणि राज्यातला शेतकरी पिकाची नोंद स्वतः फोनवर करू लागला. अशी ॲप पुढेही येतील. ती बनवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आधी कागद घेऊन एखाद्या मोंढ्यात जा, पेन्सिल शेतकऱ्याच्या हाती द्या आणि आपण गप्प बसा.